गाऱ्यात धरणारं चाक

माझ्या लहानपणी गावात बुळकांडी (गुरांचा साथीचा रोग) आली की लोक हसून म्हणायचे, "यंदा चांभाराची चंगळ आहे." मेलेली ढोरं आमच्या दाराशी येऊन पडत. कातडी इतकी, की वाळत घालायला जागा पुरत नसे. पण चंगळ कसली? माझे वडील विहिरीतून पाणी काढायच्या चामड्याच्या मोटा शिवत. मोट ओढायला बैल लागतात, आणि बैलच मेले तर मोट कोण शिवून घेणार? दारात कातड्यांचा ढीग आणि चुलीवर नुसती अंबाडीची भाजी, असे दोन पावसाळे मला आठवतात. दुसऱ्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण गेली. आई म्हणते तापानं गेली. मला वाटतं उपासानं गेली.

मी गुरांचा डॉक्टर झालो तो यामुळे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी मिरवून सांगतो, कारण मला ते मिरवावंसं वाटतं. वडिलांनी, म्हणजे आबांनी, रात्रंदिवस आरी चालवून मला मुंबईला ठेवलं. दुसरी मोठी लढाई संपत आली तेव्हा मी पदवी घेऊन परतलो आणि जळगावला नोकरीवर रुजू झालो. आई आणि आबाही माझ्याकडे राहायला आले. काम एकच: रेल्वेनं बर्फाच्या पेटीतून लस आली की ती बर्फ वितळायच्या आत खेड्यांवर न्यायची आणि बैलांना टोचायची.

त्यासाठी मी एक जुनी मोटारसायकल घेतली. विलायतेला परत निघालेल्या एका इंजिनियर साहेबाची ती, लढाईच्या बऱ्याच आधीची. इंजिन खणखणीत, पण टायर इतके झिजलेले की मागच्या टायरच्या आतल्या दोऱ्या दिसत. भादव्यात जामनेरच्या वाटेवर, एका बाभळीच्या वळणाशी, काळ्या मातीच्या गाऱ्यात (चिखलात) मी आडवा झालो. मला खरचटलं एवढंच. पण पेटीतल्या साऱ्या बाटल्या फुटल्या. पुढची पेटी येईपर्यंत त्या गावातल्या दावणीच्या दावणी रिकाम्या झाल्या. एका म्हातारीनं मला विचारलं, "डॉक्टर, तुमी कालदिन का नही वनात?" तुम्ही काल का आला नाहीत?

त्या दिवसापासून मोटारसायकलीवर बसायची मला भीती वाटे. त्यानंतरची पेटी सोमवारी यायची होती, शेजारच्या गावासाठी. रोग तिथल्या वेशीपर्यंत पोचला होता. टायर जळगावात मिळेनात. कोरे टायर परमिटावर आणि माझ्या ऐपतीबाहेर. कुणीतरी सांगितलं, धुळ्यात लष्करातून निघालेले जुने टायर विकायला आलेत. धुळं म्हणजे पंचावन्न-साठ मैल. आणि तिथवर जायचं ते याच टायरांवर.

आबांनी मागचा टायर उतरवायला लावला. आत हात फिरवला, कान लावून ऐकावं तशी मान कलती केली, आणि म्हशीच्या कातड्याचा एक तुकडा कापून आतून अस्तरासारखा शिवला.

"एकला जाऊ नको," ते म्हणाले. "मी मांगे बसस."

"आबा, पडलो तर दोघं पडू."

"मांगे वजन शे ते चाक धरी." मागे वजन असलं की चाक पकडून राहतं, असं त्यांचं म्हणणं. मोटारसायकलीवर ते जन्मात कधी बसले नव्हते.

शुक्रवारी उजाडताच निघालो. आईनं कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली होती. गिरणा ओलांडली तेव्हा पाणी विटकरी आणि फुगलेलं होतं. मी खाली बघितलं नाही. रस्ता खडीचा होता, पण शेतातून आलेल्या बैलगाड्यांनी जागोजाग काळा गारा आणून सांडलेला. असा पट्टा दिसला की माझ्या तळहातांना घाम सुटे आणि मूठ घसरे.

त्यात आवाज. आबांनी शिवलेल्या अस्तराचा उंचवटा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला रस्त्यावर आपटे: ठप, ठप, ठप. जरा वेग वाढवला की ठपठप घाईला येई आणि माझ्या छातीतही तेच सुरू होई.

"घाबरू नको," आबा मागून ओरडले. "हाऊ आवाज मना टाकासना शे. टाका तुटना का मी सांगसू." आवाज त्यांच्या टाक्यांचा होता, आणि टाका तुटला की ते सांगणार होते.

"तुटल्यावर सांगून काय उपयोग, आबा?"

"मंग आपण दोन्ही मिळी पडूत!" आणि ते चक्क हसले. माझ्या कमरेला धरलेले त्यांचे हात मात्र दगडासारखे आवळलेले होते. तेही घाबरले होते, फक्त ते माझ्यासारखे बोलून दाखवत नव्हते.

एरंडोल मागे पडलं. पारोळ्याच्या अलीकडे एक नाला रस्त्यावरून वाहत होता. पाणी घोट्याएवढंच, पण तळाशी गाळ आणि शेवाळ. मी थांबलो. पलीकडे एक गुराखी काठीवर हनुवटी टेकून बघत होता.

"ये ना रे भाऊ," तो म्हणाला. "म्हशी बी जातस."

म्हशीला चार पाय असतात, हे त्याला सांगण्याइतका धीर मला नव्हता. मी गाडी घातली. मधोमध मागचं चाक एखाद्या माशासारखं निसटलं. आबांनी दोन्ही पाय खाली टाकले आणि पाण्यातून चालत, गाडीला कमरेशी धरून, मला सरळ उभं ठेवलं. त्यांच्या पायात त्यांनीच शिवलेले, तळाला खिळे ठोकलेले जोडे होते. ते घसरले नाहीत. मी ते पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. कॉलेजात शिकलेल्या माणसाच्या डोक्यात काही गोष्टी उशिरा शिरतात.

पारोळ्याला चहाला थांबलो. आबा सवयीनं जोडे काढून बाहेर ओट्याखाली बसले. मी म्हटलं, "आबा, बाकावर बसा." हॉटेलवाल्यानं आमच्याकडे पाहिलं, जोड्यांकडे पाहिलं, आरीनं चिरलेल्या आबांच्या बोटांकडे पाहिलं. काय बोलेल याची भीती मला नाल्यापेक्षा कमी नव्हती. तो इतकंच म्हणाला, "पेला धुऊन ठेवा." आबांनी पेला धुतला. मीही माझा धुतला, आणि पैसे देताना त्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "गुरांचा डॉक्टर आहे मी. तुमची म्हैस आजारी पडली तर जळगावला कळवा." तो ओशाळला की नाही, ते सांगता येत नाही. आबा मात्र बाहेर येऊन म्हणाले, "चाल, चाल. उशीर व्हयना."

दुपारी धुळं आलं. पांझरेच्या पलीकडे देवपूरला आबांचे एक नातलग राहत, तिथं रात्रीची सोय होती. पण आधी आम्ही बाजारात गेलो. लष्करी माल विकणाऱ्याचं दुकान म्हणजे एक पत्र्याची वखार. तंबू, पाण्याच्या बाटल्या, पट्टे, आणि एका कोपऱ्यात टायरांच्या चवडी. मालक बोलका होता.

"या साहेब. आजोबा, तुम्ही बाहेर सावलीत बसा, इथं उकडतं."

"ते माझ्याबरोबर आहेत," मी म्हणालो.

"मग बसा, उकडून घ्या. काय हवं?"

मी चाकाचं माप सांगितलं. माझ्याजवळ एका कोऱ्या टायरचेही पूर्ण पैसे नव्हते, पण दोन जुन्या टायरांचे होते. त्यानं दोन प्रकार काढून दाखवले. एक काळाकुळकुळीत, चकचकीत, त्यावर बारीक बारीक दाते दाट भरलेले, जणू नव्या फणीचे. दुसरा मळकट, तपकिरीकडे झुकलेला, त्यावर मोठाले ठोकळे, आणि दोन ठोकळ्यांत बोटभर अंतर. तो मला उघडाबोडका वाटला. मी चकचकीत टायरावर हात ठेवला.

"नजर आहे साहेबांची," मालक म्हणाला. "बैलगाडीला लावणार की फटफटीला?"

"फटफटीला. पण बैलांसाठीच."

आबा पुढे आले, खाली वाकले आणि त्यांनी टायरचा वास घेतला. मग अंगठा घासून माझ्या नाकाशी धरला.

"भाऊ, हाई पालिश शे."

बुटांचं पॉलिश! ज्या वासात मी लहानाचा मोठा झालो, तो मला ओळखता आला नव्हता. मालकानं धोतराच्या सोग्यानं टायर पुसला. सोगा काळा झाला आणि टायर करडा. खाली दात्यांच्या मुळाशी भेगा होत्या.

मालक आधी चमकला, मग हसत सुटला. "अहो, लष्करातून आलाय तो! तिथं उभं राहील त्याला पॉलिश करतात. मला असाच मिळाला, देवाशपथ." त्याचं हसू खरं वाटत होतं. मला मात्र हसू आलं नाही. सोमवारी मी त्याच टायरावर बाभळीच्या वळणाला गेलो असतो.

आबांनी मळकट टायर मांडीवर घेतला. ठोकळ्यात नख रुतवलं. नखाची खूण उमटली आणि हळूहळू भरून आली. "जित्तं शे," ते म्हणाले. मग बाजू वाकवून भेगा पाहिल्या. नव्हत्या.

"पण आबा, याला दाते किती कमी आहेत," मी म्हणालो. "जितके दाते जास्त, तितकी पकड जास्त. हिशेब सरळ आहे."

"तुना हिशोब सडकना शे." त्यांनी पायातला जोडा काढून उलटा धरला. "नांगर्‍याना जोडाले खिळा दूर दूर का ठोकतस? दाट ठोकात ते मझार गारा भराई जास. मंग ते खिळा नहीत, पाटी शे. गारा मझार राह्याले नको, निंघी जावाले पाह्यजे."

माझा हिशेब सडकेचा होता, चिखलाचा नव्हता. नांगरणाऱ्याच्या जोड्याला खिळे दाट मारले, तर त्यांत चिखल भरतो आणि तळ पाटीसारखा गुळगुळीत होतो. लांब मारले, तर दर पावलाला चिखल आपोआप गळतो. नाल्यात त्यांचे पाय का घसरले नाहीत, ते आता मला कळलं. मालकही ऐकत होता.

"नाना," तो म्हणाला, आणि बाहेर बसा म्हणणाऱ्या त्या माणसानं स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं, "बसा. माझ्या बाकीच्या चवडीलाही जरा नख लावून द्या की."

आबांनी लावून दिलं. त्याबद्दल त्यानं दोन टायर मला परवडतील अशा भावात दिले आणि चढवूनही दिले. आतलं चामड्याचं अस्तर आबांनी काढून पिशवीत ठेवलं. वाया घालवायचं कशाला?

शनिवारी परत निघालो. खडीच्या सडकेवर हे टायर वाईट गुरगुरत आणि हात बधिर होत. ठपठप गेली होती, पण मला त्याच आवाजाची सवय झाली होती. नव्या गुरगुरीनं दर मैलाला वाटे, आता काहीतरी तुटेल. नाल्याला गुराखी नव्हता. मी डोळे बारीक करून गाडी घातली आणि पलीकडे निघालो. आबांनी पाय उचललेलेच होते. तरी माझी भीती गेली नाही. नाल्यात शेवाळ होतं, काळा गारा नव्हता. खरी परीक्षा जामनेरच्या वाटेवर होती.

सोमवारी सकाळी पेटी आली. आदल्या रात्री पाऊस झालेला. आबा विचारल्याशिवाय मागे बसले आणि पेटी मांडीवर घेतली, वर दोन्ही हात. बर्फाचं पाणी त्यांच्या धोतरातून गळत होतं.

बाभळीच्या वळणाशी मी थांबलो. माझ्या मागच्या वेळच्या घसरणीची खूण अजून चिखलात दिसत होती, वाळून पुन्हा भिजलेली.

"आबा, पेटी घेऊन तुम्ही चालत पुढे व्हा. मी गाडी ढकलत आणतो."

"बर्फ चालत नही भाऊ, बर्फ पळस." त्यांनी पेटी छातीशी घेतली. "मरेल ढोरं मी बहू देखात. आते जित्तं देखू दे." मेलेली ढोरं त्यांनी खूप पाहिली होती, आता त्यांना जिवंत पाहायची होती.

मी गाडी घातली. मागचं चाक एकदा डावीकडे झुकलं. मग ठोकळ्यांतून चिखलाचे गोळे मागे उडू लागले, आबांच्या पाठीवर, मानेवर, पागोट्यावर. चाक रुतलं, धरलं, आणि ओढत निघालं. वळण मागे पडलं.

गावात पोचलो तेव्हा आबा कमरेपासून वर ओळखू येत नव्हते. पेटी उघडली. बर्फाचे दोन खडे शिल्लक होते आणि सगळ्या बाटल्या शाबूत होत्या. संध्याकाळपर्यंत मी सुई चालवत होतो. आबा एकेका बैलाची वेसण धरून उभे होते.

भीती अजून आहे. गारा दिसला की अजून हाताला घाम येतो, आणि जुना टायर घेण्याआधी मी आता वास घेतो. त्या गावात रोग शिरला नाही. दिवाळीनंतर तिथल्या विहिरींवर मोटा चालू होत्या, आणि त्यांतल्या दोन आबांनी शिवलेल्या होत्या.