थोरलीचा हुंकार

धाकटी साठीला टेकली तरी धाकटीच राहिली, कारण तिच्यापुढे कायम थोरली असायची. दोघी बहिणींनी तीस वर्षं एकाच दवाखान्याच्या स्वयंपाकघरात आजाऱ्यांचं पथ्याचं जेवण रांधलं. त्या बेचव जेवणाने जीव विटला की वसंतातल्या रविवारी दोघी शहराबाहेरच्या रानात जायच्या. पुढे ओळखीपाळखीचे लोक मागे लागले, आम्हालाही न्या म्हणून. मग दर वसंतात दहा-बारा जणांचा घोळका घेऊन त्या बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरायच्या, नदीकाठच्या झाडांखाली उगवलेला कोवळा रानलसूण कापायच्या आणि तिथेच तीन दगडांवर बटाटे घालून त्याचं सूप करायच्या. सोबत पाव, उकडलेली अंडी, लिंबू. घरी वर्षभर जेवणाला नावं ठेवणारी माणसं तिथे वाटी चाटूनपुसून खायची.

यात एकच गोम होती. त्याच सावलीत, अगदी तशाच पानांचं दुसरं एक रोप उगवायचं आणि ते विषारी होतं. मूठभर पोटात गेलं तर माणूस संध्याकाळ बघणार नाही, इतकं. फुलं येईपर्यंत दोन्हींतला फरक नाकालाच कळायचा. थोरली पुढे चालायची, पान चुरडून नाकाशी न्यायची, लसणाचा वास आला की म्हणायची, "हं." मग धाकटीची कात्री चालायची. बोटांना आधीचा वास राहिला तर पुढचं पान फसवणार, म्हणून थोरली दर वेळी लिंबाच्या फोडीने हात घासायची. शेवटच्या ताटव्यातली पहिली जुडी मात्र सूपात जायची नाही. "ही तुझ्या वाट्याची," म्हणून थोरली ती धाकटीच्या हातात द्यायची, आणि धाकटी ती पावाबरोबर कच्चीच खायची.

धाकटीला कसलाच वास येत नव्हता. आठव्या वर्षी तापाने फणफणली, तेव्हा नाकाने काम सोडलं ते कायमचं. स्वयंपाकीण म्हणून जन्म काढलेल्या बाईने हे सांगायचं कुणाला? थोरली सोडून कुणालाच माहीत नव्हतं, सख्ख्या मुलालाही नाही. पातेलं करपायला लागलं की थोरली नुसती खाकरायची, एवढ्यावर तिचं सगळं निभावलं.

आणि हिवाळ्याच्या तोंडावर थोरली गेली. तिला ना नवरा ना मूल, होती ती एक धाकटीच. शेवटच्या दिवशी तिने धाकटीचं मनगट धरलं आणि म्हणाली, "तिकडे मला एकटीला करमायचं नाही गं. लवकर ये." धाकटी रडतारडता हसली. "येते ना ताई, आधी भांडी तर आवरू दे."

वसंत आला तसे फोन सुरू झाले. काकू, यंदा कधी जायचं? नाही म्हणायला तिची जीभ उचलेना. रविवार गेले तर तिच्याजवळ राहणार काय, दूरचित्रवाणी आणि दुखरे गुडघे? शेवटी तिने एक युक्ती केली. पिशवीत तळाशी बाजारातला पालक लपवला. रानातलं कापायचं नाटक करायचं, ते हळूच फेकून द्यायचं आणि सूपात पालक टाकायचा. फसवणूक होती खरी, पण जिवाला धोका नव्हता.

त्या रविवारी नऊ जण आले आणि दहावी तिची सून. सुनेला पाचवा महिना होता. अन्नावरची वासना उडाली होती आणि नाक असं तिखट झालं होतं की शेजाऱ्यांनी कांदा चिरला तरी हिला इकडे मळमळायचं. "काहीतरी हिरवं खावंसं वाटतंय, आई," म्हणाली म्हणून धाकटीने बरोबर घेतली.

लख्ख ऊन होतं. मंडळी चूल मांडायला नदीपाशी थांबली आणि धाकटी सुनेला घेऊन झाडांत शिरली. आत पाखरांचा आवाज नव्हता. पहिल्या ताटव्यापाशी ती नाटकाला वाकली आणि पुढून स्पष्ट ऐकू आलं, "हं."

धाकटीच्या अंगावर काटा आला. मग डोळे भरून आले. ताईने आपल्याला वाऱ्यावर सोडलं नाही, एवढंच तिच्या मनात आलं. तिने कात्री चालवली. दुसऱ्या ताटव्यापाशी "हं," तिसऱ्यापाशी "हं." टोपली भरत गेली आणि पालकाचा तिला विसर पडला. शेवटच्या ताटव्यात, ओल्या काळ्या मातीपाशी, आवाज अगदी कानाशी आला. "हं. ही तुझ्या वाट्याची." तिने ती जुडी कापून रुमालात बांधली.

चुलीवर बटाटे रटरटत होते. धाकटीने टोपली पुढे ओढली, तेवढ्यात सून म्हणाली, "आई, मी मागे रेंगाळले होते तर तुम्ही पुढून सारखं हं हं काय करत होतात?"

"मी नाही केलं," धाकटी म्हणाली.

"मग कोण? आवाज तर तुमच्यासारखाच होता."

धाकटीचे हात थांबले. दहा माणसं वाट्या घेऊन बसली होती आणि सुनेच्या पोटात अकरावं होतं. आपण कशाच्या भरवशावर यांना वाढतोय? तिने टोपली जमिनीवर ठेवली.

"ऐका सगळे," ती म्हणाली. "मला वास येत नाही. लहानपणापासूनच नाही. ताई होती म्हणून चालून गेलं."

एका मास्तरांनी वाटी हळूच बाजूला सरकवली. सून मात्र उठली आणि दर वेळी लिंबाने हात घासत एकेक पान चुरडून हुंगायला बसली. तासभर गेला.

"सगळा लसूणच आहे," ती म्हणाली. "एकही पान वावगं नाही."

मंडळींनी सुस्कारा टाकला. पानं पातेल्यात पडली. त्या वासाने मास्तरांनी वाटी परत पुढे घेतली आणि काकूंना सगळं माफ झालं. धाकटीला ताईवर शंका घेतल्याची शरम वाटली. तिने रुमाल सोडला, पाव मोडला आणि तिची जुडी तोंडाशी नेली.

"थांबा," सुनेने तिचा हात धरला. पुन्हा लिंबू चोळून तिने त्यातलं एक पान चुरडलं. मग दुसरं. मग तिसरं.

"आई, ह्या पानांना काहीच वास नाही."

धाकटी त्या जुडीकडे बघत राहिली. तिला राग आला नाही. ताईला एकटीने कधी जेवणसुद्धा गेलं नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने जुडी चुलीत टाकली आणि झाडांकडे तोंड केलं.

"भांडी राहिलीत अजून, ताई," ती म्हणाली.

झाडांतून आवाज आला, "हं."

सुनेने हातातलं पान टाकलं आणि सासूचं मनगट घट्ट धरलं.