आत्याचे तेजोमेघ

माझी आत्या एरवी नाकावर माशी बसू देत नाही, पण मरणाऱ्या ताऱ्यांसमोर विरघळते. तारा मरताना अंगावरचा वायू हळूहळू सोडून देतो, त्याचा चमकता ढग होतो. त्याला म्हणतात ग्रहीय तेजोमेघ. ग्रहांशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हे नाव कुणी ठेवलं असं विचारायची सोय नाही, आत्या तासभर चिडते.

आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दीर्घिकेतल्या अशा ढगांचे आकार ओळखणं हे तिचं काम. कॉम्प्युटरवर एकेक ढग तिळाएवढा दिसतो. बरेचसे गोल, पण आत्याला दोन पंखांचे ढग भरपूर सापडले होते. तिच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा शोध, आणि तो आता छापून येणार होता.

आत्याच्या संस्थेत प्रत्येक फोटो आधी उत्तर दिशा वर येईल असा फिरवून घेतात आणि मगच बघतात, कारण दुर्बीण दर वेळी वेगळ्या कोनात वळलेली असते. छपाईसाठी आत्यानं न फिरवलेले, मूळ फोटो उघडले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यांचे पंख एकाच बाजूला कललेले! म्हणजे ते आकाशात नव्हतेच, दुर्बिणीच्या आरशाचा दोष होता; फोटो फिरवल्यावर ते वेगवेगळ्या दिशांना दिसायचे, म्हणून कळलं नव्हतं.

"सगळी मेहनत पाण्यात गेली गं," ती मला म्हणाली.

"कुणाला कळणार आहे?"

तिनं माझ्याकडे रोखून बघितलं आणि ती उठलीच. साहेबांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं आणि शोध मागे घेतला. मला तिचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

मग ती पुन्हा त्याच फोटोंसमोर बसली. पहिल्या धक्क्यात नजरेतून सुटलेल्या एका ढगाचे पंख मात्र भलतीकडेच वळलेले होते. दुर्बीण मुद्दाम फिरवून त्याचा नवा फोटो घ्या, म्हणून ती साहेबांच्या मागे लागली. तो फोटो आला त्या दुपारी मी तिला डबा द्यायला गेले होते. दुर्बीण वळली होती, पण पंख आकाशात जागच्या जागी होते.

"अगं, हा खरा आहे!" आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मग रडतेस काय?"

"हा उजेड तिथून निघाला त्याला दीड लाखाहून जास्त वर्षं झाली. असा ढग पंधरा-वीस हजार वर्षांत विरून जातो. आता तिथं तो नाही, पोरी."

आत्यानं त्या तिळावर बोट ठेवलं.

"पण पंख होते गं. खरंच होते."