निपाणी स्टँडवर वाटलेलं पत्रक

मला पत्रकं लिहिता येतात. कॉलेज सुटल्यापासून तेवढंच केलं. म्हणूनच बेळगावच्या एका इस्पितळातल्या सिस्टरने मला बोलावलं. मुलांच्या कॅन्सर वॉर्डात तिची कैक वर्षं गेलेली, आणि आता ती संशोधन करत होती: पोर आजारी पडल्यावर घराला आधार कोण देतं? प्रश्नावली कानडीत, आणि वॉर्डातल्या कितीतरी आया मराठी. मी भाषांतर केलं. पहिलाच प्रश्न वाचून सिस्टर हसली. "अगं, प्रश्न विचारायचाय. तू तर मोर्चाच काढलास."

मराठी आयांना प्रश्न मीच विचारायची. त्यात निपाणीजवळच्या खेड्यातली एक आई होती. घरी विड्या वळायची. सात वर्षांच्या लेकीला रक्ताचा कॅन्सर. औषध लागू पडत होतं. डॉक्टर एकच गोष्ट बजावत: डोस चुकवू नका.

"नातेवाईक मदत करतात का?" मी वाचलं.

"लई करत्यात."

"शेजारी?"

"त्येबी लई."

सगळ्यालाच लई. मी पेन खाली ठेवलं तेव्हा म्हणाली, "आक्का, खरं सांगू? गावात कुणाला म्हाईत न्हाय. रक्त कमी हाय म्हणून सांगितलंय. थोरलीची सोयरीक जमलीया. कॅन्सर म्हटलं की म्हणत्यात, त्यांच्या रक्तातच हाय."

माझं डोकं सणकलं. लपवायचं कशाला? आजारी पडणं हा गुन्हा आहे काय? त्याच आठवड्यात पत्रक छापलं: 'कॅन्सर लपवू नका! या आईच्या पाठीशी उभे राहा!' नाव घातलं नाही, गावही नाही. फक्त निपाणीजवळची विडी वळणारी आई, सात वर्षांची मुलगी, बेळगावच्या फेऱ्या. ऐकलेलं बाहेर नेणार नाही अशी सिस्टरच्या कागदावर माझी सही होती. नाव नाही म्हणजे ती सही पाळली, असं मी धरून चालले. निपाणी स्टँडवर आणि विडी कारखान्यांच्या दारात स्वतः वाटलं. तिथं वळलेल्या विड्या द्यायला आसपासच्या गावांतल्या बायकाच येतात. त्यांना नाव कशाला लागतंय?

पुढच्या डोसला ती आली नाही. फोन बंद. मी सिस्टरला पत्रक दाखवलं. तिने दोनदा वाचलं, घडी घातली. "उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी सिस्टर युनिफॉर्म न घालता, साध्या साडीत आली. आम्ही त्यांच्या घरी पोचलो तेव्हा पोरगी डोक्याला रुमाल बांधून दारात चुरमुरे खात होती.

"आमची पोरगी ठणठणीत हाय!" बाप अंगणातनंच ओरडला, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. "तुमी कोण? आमी वळखत न्हाय."

आत घेतल्यावर त्याचा आवाज खाली आला. "थोरलीच्या सासरचं पावणं इचारून गेल्यात. म्या म्हटलं, पत्रकातली ती दुसऱ्या कुणाची तरी पोरगी. आता हिला बेळगावला नेताना कुणी बघितलं तर? वैशाखात लगीन हाय. झालं की आणतो."

"तोवर थांबता येत नाही, अण्णा," सिस्टर म्हणाली. "औषध थांबलं की आजार उलटतो."

"बरी दिसत्या न्हवं?"

"मग कोल्हापूरला न्या," मी म्हणाले.

"आमचं कर्नाटकाचं फुकट औषधाचं कार्ड तिकडं म्हाराष्ट्रात चालत न्हाय. आन् निम्मं पावणं तिकडंच हाईत. तुमी छापलासा न्हवं? आता गप बसा."

मी हात जोडले, चूक माझी म्हणाले. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. "तुमी काय वंगाळ लिवलं न्हाय आक्का. मी वाचून घेतलं. समदं आमच्याच बाजूचं हाय." मग तिने सिस्टरकडं बघितलं. "वैशाख लई लांब पडंल व्हय ओ?"

"लांब पडेल."

तिने नवऱ्याकडं बघितलं. तो उठून बाहेर गेला.

कचेरी असती तर मी दारात ठाण मांडलं असतं. इथं आवाज चढवला तर भिंतीपलीकडं ऐकू जाणार. पोलीस आणावेत तर जीप दारात दिसायच्या आत तो पोरीला कुठंतरी हलवणार. मला येत होतं ते सगळं मोठ्यानंच करायचं काम होतं.

सिस्टर माझ्यापुढं स्टँडकडं चालत निघाली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. स्टँडवर तिने वॉर्डात फोन लावला आणि पोरीची खाट अजून दोन दिवस कुणाला देऊ नका म्हणून सांगितलं. पलीकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. "बरं, एक दिवस," ती म्हणाली.

बस आली. "दोन बेळगाव," तिने कंडक्टरला सांगितलं.