बघूया

"बघूया म्हणजे काय ता आमका कळता. हे बंद करतले."

बालवाडीच्या दारात चपला शोधताना एक बाई दुसरीला म्हणाली. मी मागेच उभी होते. त्यांनी मला पाहिलं आणि दोघीही आपापल्या मुलांची नाकं पुसायला लागल्या.

दहिसरला नदीच्या कडेला चाळीतल्या एका खोलीत आमच्या संस्थेची बालवाडी चालायची. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि कॉलेज संपल्यावरची ही माझी पहिली नोकरी. मुलं सकाळपासून संध्याकाळपर्यंत असायची, कारण बहुतेक आया कामाला जायच्या. दारात बोललेली बाई अंधेरीच्या एका कारखान्यात बाटल्यांना झाकणं लावायची. सासू गावाला, घरी दुसरं कोणी नाही. मुलगी बालवाडीत, म्हणून तिची नोकरी.

आमच्या मोठ्या बाई त्याच सुमारास कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या होत्या. वर्षाची योजना अर्धी झाली असताना त्यांनी ती बाजूला ठेवली. आधी लिहून ठेवलेल्या कागदामागे फरफटत जायचं नाही, म्हणाल्या. दर महिन्याला काय घडलं ते पाहायचं आणि त्यावरून पुढचं बदलायचं. ऑफिसात हे ऐकताना मला पटलंसुद्धा. पण आयांसमोर बाईंनी ते एका वाक्यात सांगितलं, "आता सगळं बघूया, मग ठरवूया."

मी इंग्रजी शाळेतली, माझं मराठी फक्त घरातलं. पण हा शब्द घरातलाच होता. सहलीला जाऊ का, सायकल घेऊया का, काहीही विचारलं की बाबा "बघू" म्हणायचे. त्यांनी मला कधी नाही म्हटल्याचं आठवत नाही, आणि सायकलही कधी आली नाही.

मग प्रत्येक गोष्टीला संशयाचा वास यायला लागला. रंग द्यायचा म्हणून फळा भिंतीवरून उतरवला, तर फळा विकला अशी बातमी चाळभर झाली. झोपाळा मावेल का ते पाहायला बाईंनी खोली पावलांनी मोजली. "भाडेकरू बघतायत," नळावर कोणीतरी म्हणालं. मला कारण माहीत होतं, तरी मीही बाईंच्या पावलांकडे जरा जास्तच पाहायला लागले. शेवटी रिक्षात धीर करून त्यांना इंग्रजीत विचारलं, बंद नाही ना करणार? उत्तरही इंग्रजीतच आलं. अर्थ तोच, बघूया.

आयांनी वाट पाहिली नाही. ऐन वेळी धावपळ नको म्हणून एकीने मुलाला भांडुपला बहिणीकडे पाठवलं, दुसरीने धाकट्याला सांभाळायला मोठ्या मुलीची शाळा बुडवली. झाकणं लावणाऱ्या बाईने मुलीला शेजारणीकडे ठेवलं. ती शेजारीण दुपारी झोपायची, आणि तिच्या मागच्या दाराबाहेर नदी होती.

महिनाअखेरीला सभा झाली. झाकणं लावणारी बाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. मोठ्या बाईंनी रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "मुलं कमी झाली. म्हणजे दिवसभराची गरज नाहीये इथे. हेच तर शिकायचं होतं आपल्याला. पुढच्या महिन्यापासून दुपारी बंद ठेवून बघूया."

मला एकदम सगळं उलटं दिसलं. बालवाडी बंद होईल या भीतीने मुलं कमी झाली होती, आणि आता मुलं कमी झाली म्हणून ती दुपारची बंद होत होती. यात लबाडी कोणाचीच नव्हती. बाईंचा चेहरा मी इतके दिवस चोरून न्याहाळत होते. त्यावर फक्त नवी गोष्ट कळल्याचा आनंद होता.

"झाला बघून," झाकणं लावणारी बाई बाजूला बसलेलीला म्हणाली आणि पदर खोचत उठली. "चल गो."

ती दारापर्यंत गेली. मी चारचौघांत कधी बोलत नसे. वाक्य आधी इंग्रजीत जुळलं, मग मोडलं, मग पुन्हा जुळवलं.

"बाई," मी म्हणाले, "काय बदलणार नाही, ते आधी यांना सांगा."