कडूबा पहिलवानाची राखणदार

तीर्थपुरीचा कडूबा पहिलवान अंगानं हेला, नुसता रेडाच होता, पण सात वर्षांच्या सत्यशीलेपुढं त्याचं काही चालायचं नाही. ती रांगत असतानाच तिची आई तापानं गेली. दुसरं लग्न कर म्हणणाऱ्या बायांना तो सांगायचा, "एक सांभाळताना घाम फुटून राह्यलाय, अजून एक कुठं आणता?" लेकीच्या वेण्याही तोच घालायचा. हाताला सवय बैलाचा कासरा वळायची. वेण्या अशा ताठ की पोरगी शाळेला निघाली की शिंगं फुटलेली कालवड वाटायची.

सत्त्याऐंशीच्या गणपतीत गावानं व्हिडिओ मागवला. व्हिडिओवाल्या महेबूबनं घाईत भलतीच कॅसेट आणली. देवाचा पिक्चर राहिला बाजूला, गोऱ्यांचा लागला. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, महेबूबलाही नाही. तरी तो टीव्हीशेजारी उभा राहून बिनधास्त सांगायला लागला.

"ये बाप है. ये बच्चा है. माँ नहीं है. बाप मुक्के खाता है, तब चूल्हा जलता है."

सगळी माणसं कडूबाकडं बघायला लागली. तेवढ्यात पिक्चरमधला बाप धाडकन पडला आणि वीज गेली.

"फुडं काय झालं रे?" लोकांनी विचारलं.

"होना क्या है? मर गया," महेबूब म्हणाला.

अख्खा मांडव रडला. कडूबा तर हुंदके देऊन रडला. सत्यशीलेनं मात्र त्याचा गळाच धरला. "आबा, तू परतूरच्या कुस्तीला जायचं न्हाई."

"अगं, तिथं मुक्के मारत न्हाईत."

"मंग मीबी येते."

परतूरच्या फडात जोड होती धर्मराज पहिलवानाशी. धर्मराजनं बघता बघता कडूबाला पालथं घातलं आणि पाठीवर बसला. कडूबा दम खात निपचित पडून राहिला. पहिलवान राहतातच तसे. पोरीला वाटलं, मेला! ती माणसांच्या पायांतून घुसली आणि धर्मराजच्या पोटरीला कडकडून चावली.

"आई गं!" करून धर्मराज उडाला. का उडाला ते कडूबाला कळलंच नाही. त्यानं झडप घालून त्याला चीत केलं. मग बघतो तर लेक पोटरीला लटकलेली.

"दोघांसंगं लढायचं ठरलं न्हवतं!" धर्मराज ओरडला.

पंच काही बोलायच्या आधीच कडूबानं हात जोडले. "कुस्ती धर्मराजची. मला ठावंच न्हवतं."

सत्यशीलेनं बापाच्या छातीवर कान ठेवला आणि पंचांना खणखणीत सांगितलं, "चालू हाय!"

धर्मराजसुद्धा हसला. बक्षिसाचा फेटा त्यानं तिच्याच डोक्याला गुंडाळला. तो तिच्या नाकापर्यंत आला.

त्यानंतर कडूबाशी जोड लावायची तर आधी पहिलवान विचारायचे, "पोरगी कुठंय?" तिला दोन बायांनी धरून बसवल्याशिवाय कुणी लांग कसेना. तरी तो पाच-सहा वर्षं खेळला, मग गावातल्या तालमीत पोरांना शिकवू लागला.

नव्व्याण्णवला सत्यशीलेचं लग्न झालं. निरोपाच्या वेळी कडूबानं जावयाला नुसती मिठी मारली. जावई अंबडपर्यंत खोकत गेला.