सुईला घाबरणारा फौजी

कुत्रा चावला म्हणून स्नेहलतागंज मोहल्ल्यातल्या एका दवाखान्यात गेलो. सुई पाहताच मी डोळे मिटले. पंचाहत्तरीच्या नर्सबाई भाऊला 'भिया' म्हणत खेकसल्या, "भिया, इतके का घाबरता? एकाहत्तरच्या लढाईत मी फौजी अस्पतालात होते. वीस वर्षांची. एक जवान दंडावर गोळी झेलून आलेला, पण सुई दिसली की चादरीत तोंड खुपसायचा! मी म्हटलं, चुपचाप टोचून घेतलंत तर लग्न करीन तुमच्याशी."

"मग?"

"मग काय, दिवसातून दोनदा स्वतःच हात पुढे करायचा. जरा बरा झाला, तसा लगेच मोर्च्यावर परत गेला. तिथून आलाच नाही."

मी नकळत त्यांचा हात धरला.

"सोडा, भिया," बाई हसल्या, "इंजेक्शन तर केव्हाच झालं."