नवव्या वर्षी कवळी

माझ्या तोंडात दात मावत नव्हते. दुधाचे पडले आणि नवे आले ते एकमेकांना ढकलत, एकावर एक चढून. जळगावच्या दातांच्या डॉक्टरांनी टाळूला बसणारी गुलाबी प्लेट दिली. तिच्या मधोमध बारीक स्क्रू होता, तो आई दर रविवारी किल्लीने थोडासा फिरवायची. डॉक्टर म्हणाले होते, जबडा ऐकतो तो याच वयात. आता सोडलं तर पुढे चांगले दात उपटून जागा करावी लागेल. उपटायचं नाव ऐकल्यावर मी प्लेट कशाला चुकवते!

फक्त जेवताना ती काढून साबणाच्या डबीत ठेवायची, आणि तिथेच घोळ झाला. आमच्या गावी, बोदवडला, भाऊबंदांना तोंडातून निघणारी अशी गुलाबी वस्तू एकच माहीत होती, म्हाताऱ्यांची कवळी. बघता बघता गावभर झालं की या पोरीचे सगळे दात गेले. ज्या घरी जावं तिथे माझ्यापुढे केळं यायचं. मुलूखच केळीचा, तोटा कसला! मला त्याचा वाससुद्धा नकोसा झाला.

वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. थोरल्या बहिणीपुढे, म्हणजे माझ्या आत्यापुढे, त्यांचा आवाज निघत नसे. आत्याने त्यांना बजावलं, "पोरीची जात हाये. उद्या कोन करीन हिले? फेकून दे ते." भाऊंनी आईला सांगून टाकलं, तुळशीचं लग्न झालं की प्लेट बंद. मला इतका संताप आला की रडूसुद्धा आलं नाही.

तुळशीच्या लग्नाला आत्याच्या अंगणात सगळा गोतावळा जमला. मंगलाष्टका झाल्या, मांडवाचे ऊस मोडून पोरांना कांडी वाटायला आत्या निघाली. माझ्यापाशी येऊन थबकली.

"हिले केळं द्या व कोनी."

मी प्लेट काढली, डबीत ठेवली, आत्याच्या हातातलं कांडं ओढून घेतलं आणि समोरच्या दातांनी टरकन सोललं. रस कोपरापर्यंत ओघळत होता आणि मी आत्याच्या डोळ्यांत बघत करकर चावत होते. मग चोथा थुंकला. एकही दात हलला नव्हता! इतका आनंद मला पुढे कुठल्याच परीक्षेने दिला नाही.

"आ कर," आत्या म्हणाली. हनुवटी धरून तिने मला बल्बखाली नेलं. दात अजून वाकडेच होते, पण माझे होते, आणि सुळ्यासाठी चांगली फट पडली होती. ती बराच वेळ बघत राहिली.

भाऊ पुढे आले. "अक्का, सोमवारी डॉक्टरानं बोलावलं हाये. आम्ही जातो."

मी भाऊंकडे बघतच राहिले. आत्याने मागे लपलेल्या आपल्या नातीला दंडाला धरून पुढे ओढलं. तिचेही दात एकावर एक चढलेले होते.

"मंग हिले बी नेजो," ती म्हणाली.